एकोणीस ओळी

सोमवार, १ डिसेंबर २०२५. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं.

काटाघराच्या खिडकीची काच ओल्या फडक्याने पुसत होतो. धनंजय सर मोटारसायकलवरून उतरले आणि हेल्मेट न काढताच आत आले. हिंगणघाटच्या ऑफिसातून ते असे न सांगता कधी येत नाहीत. फडकं माझ्या हातातच राहिलं.

"पावत्या किती फाडल्या आतापर्यंत?"

"एक हजार दोनशे चौदा. सात नोव्हेंबरपासून एकोणतीसपर्यंत." मला पाठ होतं.

"ऑफिसच्या यादीत एक हजार एकशे पंच्याण्णव गाड्या चढल्या. मंग एकोणीस गाड्या हवेत तोलल्या का?"

सगळं क्रमाने लिहून ठेवतो. नाही तर डोक्यात फिरत राहील.

आमच्या जिनिंगमध्ये कापूस येतो. भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी होऊन परत चढते. दोन वजनांतला फरक म्हणजे कापूस. बंडूजी बाहेर ओट्यावर उभे राहून क्रमांक, नाव, वजन ओरडतात. मी आत टाईप करतो, पावती छापून देतो. संध्याकाळी ऑफिसचा माणूस दिवसाची फाईल पेन ड्राईव्हवर घेऊन जातो. तिकडचा संगणक ती वाचतो, आणि त्या यादीवरून शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे जातात. ही पद्धत यंदापासूनची. गेल्या हंगामापर्यंत फाईल छापून जायची आणि ऑफिसातला मुनीम हाताने उतरवून घ्यायचा.

तर एकोणीस पावत्या अशा, की त्यांचा कापूस ऑफिसच्या यादीत नाही. वजनाचा फरक एकशे एकतीस क्विंटल साठ किलो. दोनच गोष्टी असू शकतात – एक तर यादी चुकली, नाही तर पावत्या खोट्या. धनंजय सरांना दुसरी वाटते. "साडेनऊ लाखांचा मामला हाय, कार्तिक. दहा तारखेले शेठ येऊन राह्यले. तोवर त्या एकोणीस कोणत्या ते काढून दे. नाही तं तू आन् बंडूजी दोघंही घरी. पुढचं पोलीस पाहून घेतील."

ऑफिसची यादी एका पेन ड्राईव्हवर ठेवून गेले. वर एक नियम – काट्याची फाईल काटाघराबाहेर न्यायची नाही. कागदावर नाही, मोबाईलवर नाही, कशावरच नाही.

त्यानंतर एकतीस गाड्या तोलल्या. एकही आकडा चुकू दिला नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

गाड्या नसल्या की जुळवत बसतो. पडद्यावर पट्टी धरून. आमची फाईल गाड्यांच्या क्रमाने, त्यांची यादी नावांच्या क्रमाने! एकच शेतकरी चारदा आलेला असतो. पहिल्यांदा मोजलं तर तेवीस गाड्या कमी आल्या. दुसऱ्यांदा सोळा. तिसऱ्यांदा मोजलंच नाही.

देवकाबाई आल्या. बारा नोव्हेंबरची त्यांची पावती – बैलबंडी, सहा क्विंटल चाळीस किलो. पावती दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेली. ऑफिसात त्यांना "यादीत नाव नाही" म्हणून परत पाठवलं. असे आतापर्यंत तिघं आले, त्यांत सगळ्यांत मोठा आवाज यांचा.

"काऊन रे कार्तिक, माहे पैसे काट्यानंच खाल्ले का?"

"काकू, आठ दिवस थांबा फक्त."

"आठ दिवस! मांगच्या बुधवारीबी आठच होते. तुह्या आठ दिवसाले शेपूट हाय का?"

रांगेतले सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. खिडकीशी वाकून हळू बोलल्या, "माह्या पोरीच्या, वर्षालीच्या नर्सिंगची फी पंधरा तारखेले भरा लागते. नाई भरली तं नाव कटते. तुले सांगून ठेवलं."

त्यांच्या पावतीवरचं छापील नाव मी टाईप केलेलं. ती बंडी मी डोळ्यांनी पाहिली होती. बैलाच्या शिंगाला निळा रंग होता. पावती खोटी नाही! पण हे मी कोणाला दाखवू?

बुधवार, ३ डिसेंबर

संध्याकाळी घरी नालवाडीला परतताना मोहिनीच्या ऑनलाईन सेंटरवर थांबलो. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात. ती पुढे शिकली. मी अकरावी अर्धी टाकून काट्यावर लागलो.

सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाराशे ओळी डोळ्यानं जुळवून राह्यला तू? येडा झाला का?"

तिने एक एडिटर उघडला. नुसती अक्षरं लिहायचा साधा प्रोग्रॅम, पण त्यात फायली ताडून पाहायची सोय असते. तिने दोन अर्ज शेजारी शेजारी उघडले आणि "कंपेअर" दाबलं. जिथे फरक तिथेच रंग! बाकी सगळं पांढरं. मी तीनदा दाबून पाहिलं.

"घेऊन जा हे. पेन ड्राईव्ह मी नवा आणला, त्याचे पैसे देजो सावकाश."

नियम मनात पुन्हा वाचला. फाईल बाहेर न्यायला बंदी आहे. प्रोग्रॅम आत आणायला नाही. तरी उद्या आधी बंडूजींना विचारीन.

आज भाकरीला चव होती.

गुरुवार, ४ डिसेंबर

बंडूजींनी हो म्हटलं, पण प्रोग्रॅम नाही चालला. "हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही" अशा अर्थाची इंग्रजी पाटी आली. बंद करून पुन्हा लावलं – तीच पाटी. दुपारी मोहिनीला फोन केला.

"विंडोज कोणतं हाय तुह्याकडं?"

"एक्सपी."

"अरे देवा. ते अजून जित्तं हाय?"

काट्याच्या डब्यातून वजन ज्या जाड वायरने येतं, तिचं तोंड नव्या संगणकाला बसत नाही. म्हणून जुनाच ठेवला आहे. बंडूजी ऐकत होते. म्हणाले, "माह्यासारखं हाय ते. उठाले वेळ लागते, पन रोज उठते."

मोहिनी म्हणते, नवा एडिटर एक्सपीवर चालायचाच नाही. जुना शोधते म्हणाली. सहा दिवस उरले.

शुक्रवार, ५ डिसेंबर

सकाळी सेंटर उघडायच्या आधीच तिच्या दारात उभा. तिने जुना एडिटर दिला. एक्सपीवर उघडला! मराठी, इंग्रजी, सगळं दिसतं. पण मेनूत कंपेअर नाहीच. वरपासून खालपर्यंत प्रत्येक मेनू उघडून पाहिला आणि पाहिला तो मागच्या पानावर टिपून ठेवला. कुठेच नाही.

कारण जेवणाच्या सुट्टीत मोहिनीला फोन केला तेव्हा कळलं. कंपेअर हा एडिटरला नंतर जोडायचा तुकडा असतो. त्याला प्लगइन म्हणतात. तो इंटरनेटवरून आपोआप येतो, पण काटाघरात इंटरनेट नाही. मग सायकलने पुन्हा सेंटर. तुकडा वेगळा आणला, आत टाकला, एडिटर उघडला. पाटी – हा तुकडा या एडिटरला जुळत नाही!

तुकडा नवा, एडिटर जुना. संध्याकाळी मोहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "दोघं एका सालचे पायजेत. लग्नासारखंच हाय ते." मला हसू आलं नाही. नंतर सायकलवर आलं.

शनिवार, ६ डिसेंबर

झालं!! पण क्रमाने लिहितो.

सकाळी पावणेसातला मोहिनीने एडिटरच्याच सालचा तुकडा दिला. काटाघरात आलो, एडिटरच्या घरात "प्लगइन" नावाची घडी, म्हणजे फोल्डर, आहे तिच्यात टाकला. उघडलं – काहीच नाही. पाटीसुद्धा नाही. पाटी आली असती तर निदान कळलं असतं. अर्धा तास गेला. मग दिसलं, की मी तुकडा त्याच्या पिशवीसकट, म्हणजे झिप फाईलसकट, ठेवला होता. घडीत पिशवी, पिशवीत तुकडा. जुन्या एडिटरला पिशवी उघडता येत नाही. तुकडा बाहेर काढून मोकळा ठेवला. मेनूत नाव आलं – कंपेअर.

मी उठून उभा राहिलो. बंडूजींना वाटलं साप निघाला.

दोन्ही फायली उघडल्या आणि दाबलं. सगळ्याच्या सगळ्या ओळी तांबड्या! एक हजार दोनशे चौदा. एकही जुळत नाही. पाणी प्यायलो आणि पुन्हा बसलो. घाई करायची नाही असं स्वतःला दोनदा सांगितलं.

माणसाला ओळ सारखी दिसते, यंत्राला नाही. आमच्या फायलीत दोन रकान्यांमध्ये मोकळी जागा असते, त्यांच्या यादीत स्वल्पविराम. ते बदललं. आमच्याकडे क्रमांक आणि वेळ हे दोन रकाने जास्त. त्यांच्याकडे ते नाहीतच. म्हणून ते दोन्ही कापले. (मूळ फाईलला हात लावला नाही. आधी प्रत केली, प्रतीवरच सगळं केलं.) मग दोन्हीकडच्या ओळी तारखेने आणि नावाने लावल्या. मधूनमधून गाड्या येत होत्या. तोलून, पावती देऊन पुन्हा खुर्चीवर.

चार वाजून वीस मिनिटांनी परत दाबलं.

पांढरं. पांढरं. पांढरं. मग एक तांबडी ओळ. पुन्हा पांढरं.

खालपर्यंत मोजत गेलो. एकोणीस. वजनांची बेरीज केली – एकशे एकतीस क्विंटल साठ किलो. किलोला किलो जुळलं! देवकाबाईंची ओळ त्यांत आहे.

एकोणिसांत सतरा बंड्या आणि दोन छोट्या ऑटो. ट्रॅक्टर एकही नाही. म्हणजे लहान शेतकरी तेवढेच गळले. बंडूजींना वाचून दाखवलं. ते तंबाखू मळता मळता म्हणाले, "लहान मानसाचंच काऊन गेलं बापा? मोठ्याचं एकबी नाई?"

मलाही तेच वाटलं. ऑफिसात कोणी तरी ठरवून करतंय. धनंजय सरच असतील. सोमवारी सगळ्यांसमोर विचारीन.

रविवार, ७ डिसेंबर

काटा बंद. नावं लिहून आणली नाहीत, नियम आहे. पण एकोणीस तारखा पाठ आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखांना पेन्सिलीने बारीक ठिपके दिले.

प्रत्येक दिवशी एक. दोन कधीच नाहीत, रोज एकच! सात ते एकोणतीस, रविवार सोडून वीस दिवस काटा चालला. ठिपके एकोणीस. एक दिवस मोकळा – गुरुवार, वीस नोव्हेंबर.

त्या दिवशी मी नव्हतो.

आईचे डोळे दाखवायला सेवाग्रामला गेलो होतो. माझ्या खुर्चीवर दिवसभर धनंजय सर बसले होते. ओट्यावर बंडूजीच होते, नेहमीसारखे. फक्त मी नव्हतो. आणि तेवढाच दिवस स्वच्छ!

हे मला दिसतं तर त्यांना का दिसणार नाही? मी रोज एक खोटी पावती फाडतो, आणि नसतो त्या दिवशी फाटत नाही. पोलिसाला आणखी काय पाहिजे? काल मी त्यांच्यावर बोट रोखायला निघालो होतो.

आई म्हणाली, "जेवत काऊन नाई?" पोट दुखतं म्हणालो. ठिपके रबराने खोडले. कागदावर खळगे राहिले. बोट फिरवलं की लागतात.

यादी दिलीच नाही तर? जमलं नाही म्हणून सांगितलं तर? मग देवकाबाईंना काय सांगू?

यादी देणार. पण आधी त्या दिवशी धनंजय सरांनी माझ्याहून वेगळं काय केलं, ते शोधणार. त्यांनी काही केलं नसेल तर मी काय करतो ते शोधणार.

सोमवार, ८ डिसेंबर

सव्वासहाला काटाघर उघडलं. अजून एकही बंडी नव्हती. यंत्राला आता विचारण्यासारखं काही नव्हतं. प्रत बंद केली, मूळ फाईल उघडली – मी रकाने कापायच्या आधीची.

सात नोव्हेंबरची हरवलेली ओळ शोधली. ती दिवसाची पहिली ओळ. आठ तारखेची – पहिली. दहा तारखेची – पहिली. देवकाबाईंचीही पहिली. एकोणीसच्या एकोणीस! बंडीवाले पहाटे निघतात, फाटकाशी सगळ्यांच्या आधी पोचतात. म्हणून बंड्याच जास्त. कोणी निवडून गाळलेलंच नाही.

मग वीस तारीख काढली. पहिल्या ओळीच्या क्रमांकाच्या रकान्यात धनंजय सरांनी लिहिलं आहे – १.

माझ्या प्रत्येक दिवशी तिथे १ नाही. तिथे आहे – लाभ.

मान खाली घालून बसून राहिलो. हा रकाना मीच कापला होता! शनिवारी, माझ्या हाताने, नीट जुळावं म्हणून.

बंडूजी पहिल्या गाडीला एक म्हणत नाहीत. पहिलं माप लाभ. मग दोन, तीन, चार. पायलीने ज्वारी मोजतानाही आमच्याकडे असंच मोजतात. दोन हंगामांपूर्वी मी कामावर लागलो, तेव्हा त्यांनी पहिल्याच सकाळी ओट्यावरून ओरडून सांगितलं – "लाभ!" मी क्रमांकाच्या रकान्यात तेच टाईप केलं. ऐकतो ते लिहितो. तेव्हापासून रोज. त्यात वेगळं काही आहे असं एकदाही वाटलं नाही. ऑफिसचं नवं यंत्र आकडा शोधत असेल. आकडा दिसला नाही की ओळ सोडून देत असेल. असेल – खात्री नाही.

बंडूजी आले. सांगितलं. त्यांना पटायला वेळ लागला.

"मंग काय, पयल्या मापाले एक म्हनू? एक म्हटलं तं एकावरच राह्यते, असं माहा बाप सांगे. तीस वर्षं झाले मले या ओट्यावर."

"तुम्ही लाभच म्हणा. मी आत एक टाकतो. आजच्या दिवस पाहू."

"पाह्य बापा. तुह्या हातानं होऊन राह्यलं, माह्या तोंडानं नाई."

सात वाजता पहिली बंडी चढली. तानबाजींची. बंडूजी नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडले – "लाभ!" मी १ दाबला. दाबताना बोट कचरलं. हे लिहायची लाज वाटते, पण कचरलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

दहा वाजता धनंजय सरांना फोन केला. "सर, कालच्या यादीत तानबाजींचं नाव आहे का? बंडी, सात क्विंटल पाच किलो."

"हाय. काऊन?"

"मी येतो," म्हटलं आणि फोन ठेवला.

बंडूजींनी मला फाटकाशी अडवलं. "माह्या नावावर टाक. म्हन्जो, म्हाताऱ्यानं लिवाले लावलं. माहे किती दिवस राह्यले कामाचे? तुले अजून लगन करा लागते."

"ओरडलात तुम्ही. टाईप मी केलं."

"मोठा हरिश्चंद्र झाला," म्हणाले. आणि बसच्या पैशांसाठी खिशात हात घातला. मी घेतले नाहीत.

हिंगणघाटला पोचलो. ऑफिसात धनंजय सर आणि जुने मुनीम बापूजी. काय बोलायचं ते बसमध्ये चारदा घोकलं होतं. बोललो उलटंच – आधी शेवट, मग सुरुवात. वीस तारीखही सांगितली. तुम्ही होता तो दिवस स्वच्छ, मी होतो ते सगळे खराब. चूक माझ्या रकान्यात आहे. पण पावत्या खऱ्या आहेत, कापूस आलेला आहे.

धनंजय सरांनी वीस तारीख उघडली, मग एकोणीस तारीख. चष्मा काढला. "सॉफ्टवेअरवाल्याले मीच सांगतलं होतं. ज्या ओळीच्या सुरुवातीले आकडा नाही ती सोड म्हणून. वरच्या मथळ्याच्या ओळी गळाव्या म्हणून." मग माझ्याकडे वळले. "पण हे लाभ काय हाय?"

बापूजी कोपऱ्यातून बोलले. मान वरही केली नाही. "पयलं माप हाय साहेब. तुमच्या घरी धान्य मोजत नाई का?"

"आमच्या घरी आटा पाकिटात येतो."

"मंग बराबर हाय. पंचवीस वर्षं मी लाभाचा एक करून उतरवत आलो. यंदा मले कोनं विचारलंच नाई."

सरांनी शिपायाला चहा सांगितला. तीन कप. मला वाटलं तिसरा दुसऱ्या कोणाचा. तो माझा होता.

बुधवार, १० डिसेंबर

शेठ आले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "दर साली काट्याची पूजा मी करतो आणि पहिल्या मापाला एक म्हणायला लावू? प्रोग्रॅम बदला. लाभ म्हणजे एक, असं शिकवा त्याला."

बंडूजी दिवसभर ओट्यावर ताठ उभे होते. माझी नोकरी राहिली. त्यांचीही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

एकोणीस जणांचे पैसे जमा झाले, आणि एक ते सहा डिसेंबरच्या सहा पहिल्या गाड्यांचेही. देवकाबाई मुद्दाम खिडकीशी आल्या. "आले बापा. छेचाळीस हजार ऐंशी. वर्षाली आजच फी भरून आली."

"बरं झालं काकू."

"बरं काय! पाच खेपा झाल्या माह्या. बंडूजीले दोन आन् तुले तीन शिव्या देल्या होत्या घरी. त्या वापस घेतल्या, समजजो." आणि खिडकीतून ओंजळभर बोरं आत टाकली. दोन कीबोर्डवर पडली.

संध्याकाळी धनंजय सरांचा फोन. सोमवारी रोहण्याला ये म्हणाले. तो कंपेअरवाला पेन ड्राईव्ह घेऊन. कशासाठी ते सांगितलं नाही. आवाज बारीक होता.

सोमवार, १५ डिसेंबर. रोहणा.

इथेही आमच्याच शेठचा काटा आहे. इथला तोलणारा राकेश, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, दोन मुलांचा बाप. खोट्या पावत्या फाडल्या म्हणून वीस नोव्हेंबरला त्याला काढलं. त्याच्या जागी नवा माणूस बसला आणि त्या दिवसापासून फाईल स्वच्छ. म्हणून सगळ्यांची खात्री पटली. ऑफिसचीही, गावाचीही.

कंपेअर लावलं. राकेशभाऊचे पंधरा दिवस. पंधरा ओळी तांबड्या. पंधराही पहिल्या. पंधराही लाभ.

राकेशभाऊ माझ्या खुर्चीमागे उभा होता. कापूस वेचायला जातो आता, बोटं चिरलेली. धनंजय सर त्याला काही तरी सांगत होते, माफीचंच असावं. त्याने ते ऐकलं की नाही कळलं नाही. मला म्हणाला, "हे रंगीत छापून भेटते का? सासऱ्याले दाखवाचं हाय."

खर्च – हिंगणघाट जाऊन-येऊन १४२. रोहणा जाऊन-येऊन १६२. एकूण ३०४ रुपये.

देणे – मोहिनीला पेन ड्राईव्हचे ३८०.

राकेशभाऊला, रविवार सोडून, बुडालेल्या बावीस दिवसांची रोजी, ४५० प्रमाणे ९,९०० रुपये. हे देणं ऑफिसचं आहे, माझं नाही. त्याला मिळेपर्यंत माझ्या पानावर राहील.